रिपोर्ट चांगले, पण सासूबाई खचत चालल्यात: स्तनाच्या कॅन्सरनंतर सत्तरीतलं रोजचं जगणं कसं सावरायचं

प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे दर आठवड्याला एक असे १२ डोस झाले, रेडिएशन झालं. आता लेट्रोझोलची, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन कमी करून कॅन्सर परतू नये म्हणून दिलेली, रोज एक गोळी चालू आहे. त्याखेरीज मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, आणि झोपेसाठी रात्री अल्प्राझोलाम. सहा महिन्यांत वजन ५४ वरून ५० किलोवर आलं. डॉक्टर रिपोर्ट चांगले म्हणतात. घरी मात्र त्या पडून असतात, अर्धं जेवण ताटात ठेवतात, पाय बधिर आहेत म्हणतात, आणि बाकी काहीही विचारलं तरी ‘बरं आहे’ एवढंच उत्तर. हे वयामुळेच आहे का? घरी काय करता येईल?

वयामुळे नाही. निदान तसं धरून बसू नका. ‘आता वय झालं’ हे निदान एकदा घरात रुजलं की दुरुस्त होण्याजोग्या चार-पाच गोष्टी तशाच राहून जातात. तुम्ही लिहिलेल्या माहितीतच त्यातल्या बऱ्याच दिसतात. ‘रिपोर्ट चांगले’ म्हणजे गाठ दिसत नाही, एवढंच. त्या स्वतःची अंघोळ स्वतः करतात का, रात्री लघवीला एकट्या जाता येतं का, घास चावता येतो का, हे कुठल्याही स्कॅनमध्ये येत नाही. आणि या वयाच्या बाईला जगणं चांगलं वाटतंय की नाही, हे मुख्यतः त्याच गोष्टींवर ठरतं.

सुरुवात गोळ्यांच्या डब्यापासून करा, कारण सगळ्यात लवकर फरक तिथेच पडतो. मधुमेह आणि बीपीचे डोस ठरले तेव्हा त्या ५४ किलोच्या होत्या आणि दोन वेळ पोटभर जेवत होत्या. आता वजन चार किलोने कमी, जेवण अर्धं, आणि गोळ्या मात्र त्याच. ग्लिमेपिराइड जेवण झालं की नाही ते बघत नाही, साखर उतरवतच राहते. पहाटे घाम येणं, थरथर, उठल्यावर डोकं दुखणं, दुपारी जेवणाआधी गळून जाणं, विचित्र बोलणं यातलं काही होत असेल तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या वयात, या परिस्थितीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या आसपास राहिली तरी चालते. ६.५ चा हट्ट धरण्यात फायदा कमी, पडण्याचा धोका जास्त.

बीपीचंही तसंच. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ‘उठलं की अंधारी येते’ याचं कारण सापडलं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ बाहेर टाकतं. खाणं कमी असताना रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस सुस्त, गोंधळलेला, अन्नावरची वासना उडालेला होतो. घरच्यांना वाटतं केमोचा थकवा. साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि गोळी बदलली की बहुतेकदा काही दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. तपासणी करतच आहात तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ही करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, शाकाहारी असतील तर जास्तच. मग पायाच्या मुंग्यांचा सगळा दोष पॅक्लिटॅक्सेलवर जातो आणि भरून काढता येणारी कमतरता तशीच राहते.

मूत्रपिंडांचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. ते १.० आलं आणि कागदावर ‘नॉर्मल’ छापलं, म्हणून मूत्रपिंडं ठणठणीत असं होत नाही. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईत स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी बनतं. हिशोब असा करतात: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाईसाठी त्याला ०.८५ ने गुणायचं. ७३ वर्षं, ५० किलो, क्रिएटिनिन १.० धरलं तर उत्तर येतं सुमारे ४०. म्हणजे मूत्रपिंडं निम्म्याहून कमी जोराने काम करतायत. अशा बाईला सांधे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून देणं घातक आहे. त्यातून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असताना तर मूत्रपिंडं बसायला आठवडाही पुरतो. पॅरासिटामॉल चालेल, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या सहा गोळ्या, आणि तेही यकृत ठीक असेल तर.

अल्प्राझोलाममुळे झोप लागते पण पहाटे पाय लटपटतात, विसरायला होतं. ती एकदम बंद करू नका, त्याने झटके किंवा भयंकर बेचैनी येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवा. खोकल्याची, सर्दीची, खाजेची औषधंही जपून. सेटिरिझिनपेक्षा जुन्या पिढीच्या गोळ्या, जसं एव्हिल, म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतात आणि लघवी अडवतात. गुळवेलाचा काढा, अश्वगंधा, कुणीतरी पाठवलेली ‘कॅन्सरवरची पुडी’ चालू असेल तर न रागावता विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. गुळवेलामुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या आहेत. घरातली सगळी पाकिटं, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्या. यादी लिहून नेली की नेमकी महत्त्वाची वस्तू यादीत नसते.

आता ताट. ५० किलोच्या बाईला उपचारांनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे किलोमागे १.२. ‘हलकं’ म्हणून आपण काय देतो? तांदळाची पेज, मऊ भात, चहा-खारी, साबुदाण्याची लापशी. दिवसभराचा हिशोब केला तर जेमतेम २५-३० ग्रॅम भरतात. शरीर उरलेलं मांडीच्या स्नायूंतून काढतं, आणि मग उठताना हात टेकावा लागतो. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळपास नसतातच. आजाऱ्याला देण्यासारखं त्यात पिष्टाखेरीज काही नाही.

साठ ग्रॅमच्या जवळ पोचणं अवघड नाही, फक्त ठरवून करावं लागतं. सकाळी २०० मिली दुधात नाचणीचं सत्त्व, त्यात साखर न घालता (६-७ ग्रॅम), आणि एक उकडलेलं अंडं (६). दुपारी दोन लहान ज्वारीच्या भाकऱ्या (१०), ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण (७), वाटीभर दही (३-४). चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं कूट किंवा छोटा लाडू (७-८). रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, डाळ-तांदूळ जवळपास निम्मे-निम्मे (१०), झोपताना पुन्हा कपभर दूध (६). अंडं चालत नसेल तर ३५-४० ग्रॅम पनीर. मासे खात असतील तर बोंबील किंवा बांगड्याचा मऊ तुकडा उत्तम. सोयाबीनला घाबरू नका, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात ते लेट्रोझोलबरोबर चालतं. ‘दुधाने गाठ वाढते’ म्हणून दूध बंद केलं असेल तर ते पुन्हा सुरू करा.

पण त्याआधी तोंड बघा. वजन उतरलं की कवळी सैल होते, हिरड्यांना घासते, आणि बाई भाकरी सोडून देते. ‘भूक नाही’ यामागे कितीदा तरी सैल कवळी किंवा जिभेवरचा पांढरा बुरशीचा थर असतो. बुरशीवर औषध आहे, एक-दोन आठवड्यांत बरी होते. नुसतं तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायला द्या. सोडा साधा, इनो नव्हे.

उपास मोडायला लावू नका. चतुर्थी-एकादशीचा उपास हा त्यांचा आधार असतो, आणि तो काढून घेतला की आणखी एक गोष्ट आजाराने नेली असं वाटतं. उपासाला दूध, राजगिरा, दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ ठेवा. मधुमेहाच्या गोळीचं त्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून लिहून ठेवा. लेट्रोझोल मात्र उपासालाही घ्यायचीच.

पडून राहण्याबद्दल. केमोनंतरच्या थकव्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय चालणं आणि स्नायूंचा व्यायाम हाच आहे. विश्रांतीने हा थकवा जात नाही, वाढतो. घरच्या सगळ्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण प्रेमापोटी आपण पाणीसुद्धा हातात नेऊन देतो. आधी एक मोजमाप करा. हात छातीशी घडी घालून बिनहाताच्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं? या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत. दुसरं, खुर्चीवरून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात? १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. आकडे कॅलेंडरवर लिहा, महिन्याने पुन्हा मोजा. आकडा सुधारला की त्यांचा हुरूप वाढतो, कुणी समजावण्याची गरज राहत नाही.

चालणं घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दर तीन-चार दिवसांनी मिनिटभर वाढवत दोन-अडीच महिन्यांत २०-३० मिनिटांवर न्या. जोडीला खुर्चीवरून उठ-बस पाच वेळा, दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत. पहिल्या दोन आठवड्यांत थकवा थोडा वाढल्यासारखा वाटेल आणि तिथेच बहुतेक घरं सोडून देतात. वेळ कमी करा, दिवस चुकवू नका. छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवा.

पाय बधिर आहेत म्हणून चप्पल मागच्या पट्ट्याची हवी. सपाता पायातून निसटते आणि त्यांना कळतही नाही. अंघोळीचं पाणी कोपराने तपासून द्या, रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. पॅक्लिटॅक्सेलचा बधिरपणा उतरायला कित्येक महिने लागतात, थोडा राहूनही जातो. आग-आग होऊन झोप उडत असेल तर ड्युलोक्सेटिनसारखं औषध देता येतं, पण त्याआधी वर सांगितलेला मूत्रपिंडाचा हिशोब आणि सोडियम बघायला लावा.

डावा हात. काखेतल्या गाठी काढून वर रेडिएशन झालं असेल तर सूज कधीही येऊ शकते, पाच वर्षांनीसुद्धा. सूज दिसण्याआधी हात जड वाटतो, बांगडी मनगटात रुतते, ब्लाउजची बाही घट्ट होते. कोपराच्या घडीपासून १० सेंटिमीटर वर आणि १० खाली, दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या टेपने महिन्यातून एकदा मोजा. फरक २ सेंटिमीटर झाला तर फिजिओथेरपिस्टकडे. दाबाची बाही मापाने आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावी. दुकानातून अंदाजाने आणलेली वर घट्ट आणि खाली सैल बसली की पंजा सुजतो. मालीशवालीकडून हात रगडून घेऊ नका, शेक देऊ नका. विळी, काटे, चुलीची झळ यांपासून जपायचं, अंघोळीनंतर खोबरेल तेल हलकं लावायचं. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. ‘या हाताने आयुष्यभर काही उचलायचं नाही’ हा सल्ला मात्र जुना झाला. हळूहळू वाढवलेल्या वजनाने सूज वाढत नाही. न वापरलेला हात खांद्यात आखडतो आणि मग वेणी घालता येत नाही. भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढत जायचं, रोज दोन-तीनदा, प्रत्येक वेळी आठ-दहा वेळा, कालच्यापेक्षा नखभर वर.

लेट्रोझोलने सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात, साधारण पहिल्या सहा महिन्यांत जास्त. पुष्कळ बायका कुणाला न सांगता गोळी सोडतात आणि पाकीट डब्यात ठेवतात. महिनाअखेरीस उरलेल्या गोळ्या मोजा, पण पोलिसासारखं नको. दुखणं असह्य असेल तर दोन-तीन आठवडे थांबून त्याच गटातलं दुसरं औषध देता येतं, किंवा टॅमॉक्सिफेन, ज्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बघावा लागतो. हा निर्णय डॉक्टरांचा. मुकाट्याने बंद करणं सगळ्यात वाईट. या गोळीने हाडंही विरळ होतात. सुरुवातीला आणि मग साधारण दर दोन वर्षांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी व्हायला हवी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं दर सहा महिन्यांनी इंजेक्शन सुचवलं तर आधी दात दाखवून घ्या, कारण त्यानंतर दात काढल्यास जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाच्या आकड्याप्रमाणे मात्राही कमी करावी लागते. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे असते, मग महिन्याला एक. ती वर्षभर दर आठवड्याला घेतली जाते आणि कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी सुरू होते.

राहिलं ते ‘बरं आहे’. या पिढीच्या बायकांनी आयुष्यभर स्वतःचं दुखणं शेवटी सांगितलंय. ‘कसं वाटतंय?’ याचं उत्तर तेच येणार. नेमकं विचारा: काल रात्री किती वेळा उठलात? लघवीला जळजळतं का, शिंकल्यावर गळते का? अंघोळीला भीती वाटते का? शेवटचं कुठलं काम मनासारखं झालं? लेट्रोझोलमुळे योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. हे मुलाला सांगणं शक्यच नसतं, तुम्हालाही एकांतातच सांगतील. बिनहार्मोनचं मलम मिळतं. इस्ट्रोजेनचं मलम कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

छातीच्या सपाट बाजूबद्दल त्या बोलणार नाहीत, पण पदर सारखा ओढून घेत असतील, लग्नाकार्याला जायचं टाळत असतील तर तेच कारण असू शकतं. सत्तरीत काय फरक पडतो, असं म्हणू नका. पडतो. ब्लाउजला आतून सुती कप्पा शिवून त्यात बारीक धान्य भरलेली पुरचुंडी ठेवली तर वजन दोन्हीकडे सारखं होतं आणि खांदाही एका बाजूला कलत नाही. नुसता कापूस हलका असल्याने वर सरकतो. सिलिकॉनचा तयार कृत्रिम स्तनही मिळतो. व्रण पूर्ण भरल्यावरच वापरायचा.

उदासी या वयात रडण्याने दिसत नाही. ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोकं जड आहे’, ‘मला कशाला ठेवलंय’ अशी दिसते. दोन आठवडे असंच असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वृद्धांसाठी १५ हो-नाही प्रश्नांची चाचणी असते, दहा मिनिटं लागत नाहीत. भूक, झोप आणि मन तिन्ही बिघडलेलं असेल तर मिर्टाझापीन हे उदासीवरचं औषध रात्री थोड्या मात्रेत देऊन एकाच गोळीत तिन्हीला आधार मिळतो आणि अल्प्राझोलाम उतरवायलाही मदत होते. याउलट दोन दिवसांत अचानक बडबड, भास, दिवस-रात्र न कळणं हे उदासी नाही आणि म्हातारपणही नाही. इन्फेक्शन, सोडियम, साखर, तुंबलेली लघवी किंवा नवी गोळी शोधा, तेही त्याच दिवशी.

आजाराचं नाव त्यांच्यापासून लपवलं असेल तर त्यांना बहुधा ते माहीत आहे. डोक्यावरचे केस गेले तेव्हाच कळलं असेल. लपवण्याने एकच होतं, त्यांना कुणाशी बोलता येत नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल काय काय माहीत आहे, आणखी काय जाणून घ्यायचंय?’ असं विचारा आणि त्या जेवढं मागतील तेवढंच सांगा. डॉक्टरांना सांगून पाच मिनिटं त्यांना एकटीला आत पाठवा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच. आणि स्वयंपाकघर पूर्ण काढून घेऊ नका. मेथी निवडायला देणं हा वेळ घालवणं झाला. आज भाजी काय करायची, पाहुण्यांना आहेर काय द्यायचा, हे त्यांनी ठरवणं म्हणजे घरातलं स्थान.

पुढच्या तपासण्यांबद्दल: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी. त्रास नसताना दरवेळी पेट स्कॅन करण्याची गरज नाही, त्याने आयुष्य वाढत नाही, घोर वाढतो. ७० पूर्ण असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे हॉस्पिटलमधल्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, मिळतं, आधार कार्डावर. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी सवलत आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ नंतर प्रवास मोफत. टाटा मेमोरियलमध्ये वृद्ध कॅन्सर रुग्णांसाठी वेगळी ओपीडी चालते, पहिल्या उपचारांचा निर्णय व्हायचा असेल अशांनी तिथे जरूर दाखवावं. वेदना किंवा इतर त्रास आवाक्यात येत नसतील तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना आताच भेटा, शेवटाची वाट पाहायची नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून ही सेवा मोफत देतं.

एकाच जागी दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं, रात्री वाढणारं हाडाचं दुखणं, व्रणावर नवी गाठ, वाढता दम, यासाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडणं यासाठी त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या नसेवर दाब आला असेल तर उशिराने मिळालेल्या उपचारांनी गेलेले पाय सहसा परत येत नाहीत.